खुली की बंद

टुणुक्.

एवढाच आवाज. पण दुपारी वीज गेल्यावर आमचं घर इतकं गप्प होतं, की तो मला भांडं पडल्यासारखा वाटला. पंखा बंद, कूलर बंद, फ्रीजची घरघर नाही. खिडकीवरचा वाळ्याचा पडदा कधीच सुकून गेलेला. माझी लेक दुर्वा ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर झोपली होती आणि तिच्या उशाशी ठेवलेल्या माझ्या फोनचा पडदा लाल झाला होता.

सकाळी मी तो चार्जिंगला लावला होता, पण पिन नीट बसलीच नव्हती.

आता उन्हाळ्यात अकोल्याला दुपारची वीज नसतेच. याला इथे उष्णबंदी म्हणतात. पारा ठरावीक रेषेच्या वर गेला की ट्रान्सफॉर्मर जळू नयेत म्हणून कंपनीच पुरवठा थांबवते, आणि ऊन उतरलं की सोडते. शाळा पहाटे भरतात, बाजार संध्याकाळी उघडतो, मधला वेळ सगळं गाव पडद्यांमागे श्वास धरून बसतं. मी माहेरची नाशिकची. पहिल्या वर्षी मला हे सगळं विचित्र वाटलं, नंतर सवय झाली. पण फोन लाल झालेला पाहण्याची सवय काही होत नाही.

कारण दुर्वाच्या दंडावर बिस्किटाएवढा एक पंप चिकटवलेला असतो. तिचं शरीर इन्सुलिन तयार करत नाही, ते हा पंप थेंबाथेंबानं देतो. पंपाकडे औषध आहे, पण अक्कल नाही. अक्कल माझ्या फोनमध्ये. पोटावरची चिमुकली सुई दर थोड्या वेळानं तिची साखर मोजून फोनला कळवते, फोन हिशेब करतो आणि पंपाला सांगतो, आता दे, आता थांब. उन्हाळ्यात हा हिशेब फार नाजूक असतो. उकाड्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, औषध नेहमीपेक्षा भराभर भिनतं आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून फोन गेला की पंप काहीच करत नाही. चुकीचं देण्यापेक्षा न दिलेलं बरं, असा तो बनवलाय. मग आईनं जुन्या पद्धतीनं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब बघायचा आणि अंदाजानं इंजेक्शन द्यायचं.

दुर्वा पाच वर्षांची आहे. पंप बसण्याआधी ती टोचायच्या वेळी पलंगाखाली जाऊन बसायची. मी तिला पाय धरून ओढून काढायचे आणि मग दोघी रडायचो.

मी अनवाणीच समोरच्या गावंडे मावशींच्या दारात गेले. मावशी एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. नवरा गेला, मुलगा पुण्याला. मावशी एकट्या राहतात आणि अजूनही सगळ्या बिल्डिंगला भरलेली गाडी समजतात.

"काय व माय, अशी भूत पाहिल्यावानी काहून उभी हायेस?"

मी फोन दाखवला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता आतून आपली पॉवरबँक आणली, वायर जोडली आणि दोन्ही माझ्या ओंजळीत ठेवलं.

"जाय. आन तुह्या नवऱ्याले सांग, पोरीसाठी एक घेऊन दे म्हना. साडी नको आनू म्हना, हे आन."

संध्याकाळी वीज आल्यावर मी त्यांची पॉवरबँक पूर्ण भरून, सोबत वाटीभर साबुदाण्याची खीर घेऊन परत केली आणि पिनचा घोटाळा सांगितला. त्या खिरीकडे बघून म्हणाल्या, "याच्यासाठी तरी तुही पिन रोज ढिली बसो."

*

रविवारी माझा नवरा, सुमेध, आला. तो मूर्तिजापूरजवळच्या सौरप्रकल्पावर देखभालीचं काम बघतो, आठवडाभर तिथेच राहतो. आम्ही तिघं फिरोजभाईंच्या दुकानात गेलो. काचेखाली पॉवरबँका मांडून ठेवल्या होत्या: कुणाला झाकणावर सौरपट्टी, कुणाला हातानं फिरवायची मूठ, एक तर मांजराच्या तोंडाची. दुर्वानं लगेच मांजर पसंत केली.

"बेटा, ते मांजर उन्हात फुगतं," फिरोजभाई म्हणाले. "आतला सेल जुन्या जातीचा आहे. आपल्याकडच्या उन्हात त्याची पोळी होते. ही बघा, सोडियमची. मिठातलं सोडियम असतं ना, तेच. जड आहे, पण तापली तरी शहाण्यासारखी वागते. आणि वहिनी, खोक्यावरचा आकडा बघू नका. आतली वीज फोनच्या मापाची करताना बरीच वाया जाते. आकड्यातला तिसरा हिस्सा देवाला दिला असं समजा आणि उरलं ते आपलं."

सुमेधला असलं बोलणं आवडतं. त्यानं दोन-तीन हातात घेऊन वजन बघितलं, पिना तपासल्या, वायर वाकवून बघितली. आम्ही एक निवडली. साधी, करडी, साबणाच्या वडीएवढी. मला वाटलं, झालं. तेवढ्यात फिरोजभाईंनी विचारलं, "खुली की बंद?"

गेल्या दोन उन्हाळ्यांत हा प्रश्न सगळीकडे आला होता, पण आमच्यावर पहिल्यांदाच येत होता. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही. वरची तार त्यांच्या सुरात वाजली की त्या आपोआप झंकारतात. या नव्या पॉवरबँकांत तसंच आहे. आतलं वेटोळं एका ठरावीक लयीत थरथरतं, आणि जवळपासच्या ज्या फोनमधलं वेटोळं त्याच लयीला जुळवलेलं असेल, त्यात वायरीशिवाय वीज जागी होते. भिंत मध्ये आली तरी चालते. अंतर वाढलं की मात्र जोर झपाट्यानं कमी होतो. म्हणजे एका बिल्डिंगीपुरतं.

"खुली घेतली तर तुमची वीज शेजाऱ्यांना जाणार, शेजाऱ्यांची तुम्हाला येणार," फिरोजभाई सांगत होते. "कुणाला किती, ते यंत्र ठरवतं. सुरुवातीला ते प्रत्येकाला निकड विचारतं: आजार आहे का, लहान मूल आहे का, काय आहे. ज्याची निकड जास्त त्याला आधी. बंद घेतली तर तुमची तुम्हालाच. द्यायची नाही, घ्यायची नाही. वायर लावून कुणाला दिली तर ती तुमची मर्जी."

"नंतर बदलता येते?" मी विचारलं.

"नाही. तीच तर गंमत आहे. बदलता आली असती तर दुपारी सगळ्यांनी बंद केली असती आणि संध्याकाळी खुली."

सुमेध माझ्याकडे वळला. "बंद. यात विचार काय करायचा?"

"अरे पण दुर्वाची निकड सगळ्यांत जास्त ठरेल. आपल्याला मिळतच राहील."

"आणि तळमजल्यावर उद्या कुणी ऑक्सिजनवाला राहायला आला तर? तिची वीज त्याला जाईल आणि तुला कळणारही नाही. मी तिकडे असतो. रात्री-अपरात्री तुझ्या हातात एक वस्तू अशी हवी, जी कुणाला विचारून चालत नाही. आपण पोरीसाठी घेतोय, बिल्डिंगसाठी नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी दुर्वाकडे पाहिलं. ती काचेला नाक लावून मांजराशी बोलत होती, "तू फुगू नको हं."

"बंद द्या," मी म्हटलं.

*

त्या उन्हाळ्यात माणसांचे दोन भाग पडले. घर भाड्याने देण्याच्या जाहिरातीत 'खुलं कुटुंब हवं' असं यायला लागलं. लग्नाच्या स्थळांत मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर, पॉवरबँक खुली. आमच्या बिल्डिंगीत आम्ही आणि दुसऱ्या मजल्यावरचे तायडेकाका एवढेच बंद होतो. कुणी वाकडं बोललं नाही. उलट सगळे म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे, लेकराचा प्रश्न आहे." इतक्या वेळा म्हणायचे की मला ते टोचायला लागलं.

दुर्वा दुपारी मावशींकडे जाऊन बसायची. त्यांची पॉवरबँक दुसऱ्याला वीज देताना निळी लुकलुकायची, ते तिला बघायचं असायचं. "आता कोणाला चालली?" ती विचारायची. मावशी कान लावल्याचं सोंग करायच्या. "आता? आता खालच्या खंडारेच्या पोट्ट्याले चालली. गेम खेळून रायला असंन. चला, पुढे सरका, पुढे सरका!"

"यंत्र गेमला देत नाही मावशी, निकडीला देतं," मी एकदा म्हटलं.

"त्याले काय समजते निकड? मले विचारलं त्यानं, आजार काय हाय, औषध काय हाय. म्या म्हटलं, काही नाही, ठणठणीत."

"आणि आहे का काही?"

"बाप्पा! साठीच्या बाईले काही नसंन का? पन गावाले कायले सांगा? लोकं दारात उभे राहून विचारत बसतेत, आज कसं वाटते, आज कसं वाटते."

मी हसले आणि विसरले.

घरी आल्यावर दुर्वानं आमची करडी वडी हातात घेऊन उलटीपालटी केली. "आपली का नाही गं लुकलुकत?"

"आपली बंद आहे. ती फक्त तुझी आहे."

तिला ते आवडलं. काही दिवस ती पॉवरबँक कुशीत घेऊन झोपायची.

*

मेच्या शेवटी ते झालं. एका संध्याकाळी ऊन उतरलं, पण वीज आलीच नाही. आधी वाटलं, उशीर होतोय. मग तायडेकाकांनी रेडिओ लावला. मोठ्या वीजवाहिन्या उष्णतेनं लोंबून एकमेकींना टेकल्या होत्या आणि अर्धा विदर्भ अंधारात गेला होता. दुरुस्तीला दोन दिवस, कदाचित जास्त.

सुमेधचा फोन आला. "मी निघायचं बघतोय, पण आम्हाला कुणालाच इथून सोडत नाहीयेत. पॉवरबँक आहे ना?"

"आहे."

"मग घाबरू नकोस. दुसरं काही त्यावर लावू नको. फक्त पंपाचा फोन."

मी तसंच केलं. इन्सुलिनच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या. पहिली रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. जिन्यात लोक एकमेकांना विचारत होते, तुमच्याकडे किती उरली. मावशींची पॉवरबँक पहाटेच विझली होती. यंत्रानं तिच्यातली वीज खालच्या बाळंतिणीला, तिसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी आजोबांना, सगळ्यांना पुरवून टाकली होती. मावशींची निकड सर्वांत शेवटची. त्यांनीच तशी सांगितलेली.

दुपारी दुर्वा त्यांच्याकडे खेळायला गेली आणि लगेच परत आली. "आई, मावशी बोलत नाहीयेत. त्यांच्या इथे लाल लागलंय." तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मावशी दिवाणाला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. ओठ पांढरे पडलेले. पातळ सरकलं होतं आणि गळ्याच्या खाली चिकटवलेली एक पट्टी लाल उघडझाप करत होती. मी तशी पट्टी दुर्वाच्या दवाखान्यात पाहिली होती. हृदयाची लय चुकली की ती बारीक ठोके देऊन लय जागेवर आणते. पण कधी आणि किती जोरात द्यायचे, ते फोन ठरवतो. फोन नसेल तर ती नुसतीच पट्टी.

"मावशी, तुमचा फोन कुठे आहे?"

त्यांनी मांडीवरून हात उचलला. खाली काळा ठिक्कर फोन होता.

"कधीपासून बंद आहे?"

"सकाळपासून… तू कायले आलीस? ऊन हाय. पोरीले घेऊन घरी जाय."

मी माझ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. पलीकडची मुलगी आवाज चढू न देता बोलत होती, पण दमलेली होती. "ताई, नाव लिहून घेतलंय. उन्हाचे फार पेशंट आहेत. संध्याकाळच्या आत नक्की येतो. तोवर पट्टी चालू ठेवता येईल का?"

मी घरी गेले आणि पॉवरबँकेकडे पाहिलं. उरलेली वीज एका फोनला संध्याकाळपर्यंत पुरली असती. दोघींत वाटली असती तर ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच दोन्ही फोन विझले असते. माझा फोन, म्हणजे दुर्वाचा पंप चालवणारा फोन, त्या एका कॉलनंच लालवर आला होता.

बिल्डिंगीत कुणाकडे असेल म्हणून मी जिन्यात उभी राहून हाका मारल्या. सगळी दारं उघडली. सगळ्यांचे हात रिकामे. तायडेकाका म्हणाले, "माझी काल रात्रीच संपली गं. मी मॅच ऐकत बसलो."

दुर्वा माझ्या गाऊनला धरून उभी होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"दुर्वा, मावशींच्या फोनला वीज हवी आहे. आपण दिली तर तुझा पंप झोपेल. मग मला तुला पूर्वीसारखं बोटाला टोचावं लागेल. आणि इंजेक्शन."

तिचा चेहरा बघता बघता लहान झाला. "किती वेळा?"

"माहीत नाही."

"दुखेल?"

"हो."

ती पलंगाकडे पाहू लागली. खालची जागा बघत होती, मला कळलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल आणि मी सुटेन. मग वाटलं, पाच वर्षांच्या पोरीला मी हे विचारतेच कशी? ती हो म्हणाली काय, नाही म्हणाली काय, ठरवायचं मलाच होतं. मी तिचं बोट घेऊन दुसऱ्याच्या छातीशी सौदा करत होते. तिच्या बाबाला विचारलं असतं तर तो एका शब्दात नाही म्हणाला असता.

मी तिला उचललं, पॉवरबँक आणि वायर घेतली आणि समोर गेले.

मावशींनी वायर पाहिली आणि फोन पातळाखाली लपवला. "नोको. पोरीचं हाय ते."

"द्या इकडे."

"लेकराचं काढून मी जगू का? हात नोको लावू. गाडीत जागा नसंन तर म्हाताऱ्यानं उतरावं."

"मावशी, आज कंडक्टर मी आहे. गप बसा."

त्या हसल्या. हसताना त्यांचा श्वास तुटला आणि मी त्यांच्या हातातून फोन सोडवून घेतला. पिन लावली. या वेळी दोनदा दाबून बघितली. पडदा उजळला. थोड्या वेळानं पट्टीचा लाल दिवा पिवळा झाला. मावशींच्या खांद्याला एकदा, दोनदा बारीक झटका बसला. पट्टी आपलं काम करत होती. त्यांनी डोळे मिटले.

माझ्या मांडीवरचा फोन तेवढ्यात विझला. दुर्वाच्या दंडावरचा पंप एकदा थरथरला आणि थांबला.

कपाटाच्या तळातून मी रक्त तपासायचं जुनं यंत्र काढलं. त्याला बटणासारखा छोटा सेल असतो, तो अजून जिवंत होता. दुर्वा पलंगाखाली गेली नाही. मावशींच्या दिवाणावर बसून तिनं बोट पुढे केलं आणि तोंड फिरवून घेतलं. मी टोचलं. ती ओरडली. मावशींनी डोळे न उघडता आपला हात तिच्या पायावर ठेवला.

साखर वर चढायला लागली होती. मी इंजेक्शन दिलं, हिशेबापेक्षा जरा कमीच. उकाड्यात ते किती भराभर भिनेल, कुणाला ठाऊक? गुळाचा खडा आणि पाण्याचं फुलपात्र जवळ ठेवलं आणि दोघींकडे आळीपाळीनं बघत बसले. एकीच्या कपाळावर घाम आला की वाटे, साखर खाली चालली. दुसरीचा श्वास लांबला की वाटे, झालं. घामाला आणि श्वासाला वीज लागत नाही, एवढंच एक बरं होतं. मध्ये एकदा दुर्वा म्हणाली, "आई, मला झोप येतेय," आणि मी इतकी दचकले की तिला गदागदा हलवलं. मग पुन्हा टोचलं. ठीक होती. खरंच फक्त झोपच येत होती. ती रागावून रडली, "तू उगाच टोचलंस!" मी "हो" म्हटलं.

ऊन कलल्यावर जिन्यात बुटांचे आवाज आले. दोन मुलं स्ट्रेचर घेऊन वर आली. त्यांतल्या एकानं मावशींचा फोन बघितला, पट्टी बघितली. "वायर काढू नका, तशीच येऊ द्या. हिच्यावरच टिकल्यात." पॉवरबँक मावशींच्या पोटावर ठेवून त्यांनी पट्टा आवळला.

मावशींनी जाता जाता मान वळवली. बोलायला त्राण नव्हतं, पण दुर्वाकडे बघून त्यांनी हाताने खूण केली, कंडक्टर घंटीची दोरी ओढतो तशी. दुर्वा हसली नाही. ती पॉवरबँकेकडे बघत होती.

ॲम्ब्युलन्स गेली. मी दार लोटून खाली बसले, दुर्वाला मांडीवर घेतलं. तिच्या बोटावरचा कापूस सुकून चिकटला होता. पुढचं टोचणं कधी, पुढचं इंजेक्शन किती, हे मी मनात मांडत होते. सुमेधला तिकडून सोडलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. खिडकीबाहेर संध्याकाळ होत होती आणि कुठेच दिवा लागत नव्हता.

"मावशींना बरं वाटेल ना आता?" दुर्वानं विचारलं.

"वाटेल."

"आपल्या विजेनं?"

"हो, आपल्या विजेनं."

ती थोडा वेळ दंडावरचा निजलेला पंप बोटानं चाचपत राहिली. घाबरलेली नव्हती. नुसतं समजून घेत होती, जसं ती प्रत्येक गोष्ट समजून घेते.

"आई, आपली बंद आहे ना? मग मला लागली तर मला कोणाची येणार?"